प्रश्नाला सोबत हवी

मुंबईत सूर्य दुपारी बारा वाजता माथ्यावर येत नाही. १५ मेच्या सुमारास लालबागमधल्या एखाद्या गच्चीवर मीटरभर उंचीची काठी ओळंबा लावून उभी करा. घड्याळात बारा वाजतात तेव्हा तिची सावली पश्चिमेकडे चौदा-पंधरा सेंटिमीटर पसरलेली असते. साडेबाराला ती जेमतेम दोन सेंटिमीटर उरते आणि १२ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास काठीच्या बुडाशी नाहीशी होते. जुलैच्या अखेरीस सूर्य पुन्हा एकदा असाच डोक्यावर येतो, पण तेव्हा घड्याळ १२.४५ दाखवत असते. तो दुसरा दिवस बहुधा पावसाच्या ढगांत जातो, म्हणून मुंबईकराला मे महिन्यातलाच दिवस साधावा लागतो.

समजा, लालबागच्या नववीतल्या एका मुलीने ही सावली मोजली, फोटो काढला आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अभ्यासगटात टाकला. खाली लिहिले, ‘सावली बाराला जायला हवी होती, पस्तीस मिनिटं उशिरा गेली. माझं काय चुकलं?’ ती काय शिकेल, हे आता गटात पुढे काय होते त्यावर ठरेल. कोणी कुठून तरी एक परिच्छेद उचलून चिकटवला, तर तिला उत्तर मिळेल आणि विषय संपेल. कोणी उलट विचारले, ‘आपलं घड्याळ कोणत्या गावच्या सूर्यावर लावलंय?’, तर मात्र विषय तिथून सुरू होईल.

भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे. मुंबई ७२.८ अंशांवर. फरक ९.७ अंशांचा. पृथ्वी ३६० अंश २४ तासांत फिरते, म्हणजे एक अंशाला चार मिनिटे. गुणाकार केला की सुमारे ३९ मिनिटे येतात. मुलगी लगेच अडवेल, ‘पण मला पस्तीसच मिळाली!’ हाच खरा मोलाचा क्षण. हिशेब बरोबर, मोजमाप बरोबर, आणि तरी दोघांत चार मिनिटांचे अंतर. नागपूरचा एखादा मुलगा सांगेल, ‘मला नऊ-दहा मिनिटंच आली, गणितानं साडेतेरा यायला हवीत.’ म्हणजे तिथेही तीच चार मिनिटे गळाली. दोन गावांत एकच फरक निघाला, तर दोष काठीचा नाही. मग शोध सूर्याकडे वळतो. पृथ्वीची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे. या दोन्हींमुळे सूर्य वर्षभर घड्याळाच्या कधी पुढे, कधी मागे चालतो. मुंबईत नोव्हेंबरच्या सुरुवातीला माध्यान्ह १२.२२ला होते, तर फेब्रुवारीच्या मध्याकडे १२.५३ला.

गटात एखादे आजोबा असतील तर ते या ३९ मिनिटांना वेगळ्या कारणाने ओळखतील. १ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, पण मुंबईने आपला ‘बॉम्बे टाइम’ सहज सोडला नाही. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे तो वापरात होता आणि तो प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होता. जानेवारी १९०६मध्येच जेकब ससून गिरणीच्या कामगारांनी नव्या घड्याळाविरुद्ध काम थांबवले. भोंग्याची वेळ आकड्यात तीच ठेवली, तर सूर्याच्या हिशेबाने रोज ३९ मिनिटे लवकर कामावर यावे लागणार, हे त्यांनी बरोबर ओळखले होते. रेखांशाचे गणित गिरणगावाने असे अंगावर घेतलेले आहे.

या लेखाचा विषय ही काठी नाही. शाळा आणि क्लास यांच्या बाहेर, परीक्षेच्या धाकाशिवाय, बोलता बोलता गणित आणि विज्ञान शिकता येते का, आणि आज ते बोलणे फोनच्या पडद्यावर गेले असताना त्याचे काय होते, हा विषय आहे. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यात या प्रश्नाला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. म्हणून तो इथेच विचारायला हवा.

कोल्हापूरची सावली

कट्ट्यावरच्या गप्पा आणि पडद्यावरच्या गप्पा यांत एक मोठा फरक आहे. कट्ट्यावर सगळे एकाच गावचे असतात, पडद्यावर कोल्हापूरचा मुलगाही असू शकतो. लालबागची सावली ज्या दिवशी नाहीशी होते, त्या दिवशी कोल्हापूरची होत नाही. तिथे सूर्य आठवडाभर आधीच माथ्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो, म्हणून कोल्हापुरात मीटरभर काठीची सावली माध्यान्हीला दक्षिणेकडे सुमारे चार सेंटिमीटर पडते. चार भागिले शंभर या गुणोत्तरावरून कोन निघतो सुमारे २.३ अंश. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये एराटोस्थेनिसने नेमके हेच केले. सायीनमध्ये सूर्य माथ्यावर असताना अलेक्झांड्रियात कोन ७.२ अंश, म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग. त्यावरून त्याने पृथ्वीचा परीघ काढला.

लालबाग आणि कोल्हापूरच्या दोन मुलांनी हे करायचे ठरवले, तर पहिल्या फेरीत उत्तर चुकते, आणि चुकावेच. नकाशावर दोन्ही ठिकाणांमधले सरळ अंतर सुमारे २९५ किलोमीटर आहे. ते ३६० भागिले २.३ने गुणले, तर परीघ येतो ४६ हजार किलोमीटर. खरा आकडा ४० हजार. ‘काठी तिरकी होती’, ‘वेळ चुकली’, अशी कारणे दोन्हीकडून येतील. मग कोणाच्या तरी लक्षात येईल की कोल्हापूर मुंबईच्या सरळ दक्षिणेला नाही, आग्नेयेला आहे. कोन मोजला उत्तर-दक्षिण दिशेतला आणि अंतर घेतले तिरपे. फक्त उत्तर-दक्षिण अंतर धरले तर ते सुमारे २५५ किलोमीटर भरते, आणि परीघ ४० हजारांच्या अगदी जवळ येतो.

तरी आनंदात वाहून जायचे कारण नाही. सूर्य म्हणजे बिंदू नव्हे, आकाशात तो अर्ध्या अंशाहून किंचित मोठी चकती आहे. त्यामुळे मीटरभर काठीच्या सावलीची कड नऊ मिलिमीटर रुंद पट्ट्यात पुसट होत जाते. चार सेंटिमीटरच्या सावलीत पाच मिलिमीटर इकडेतिकडे झाले, तर परीघ आठव्या हिश्श्याने बदलतो. मग काठी लांब घ्यायची का? दहा काठ्यांची सरासरी काढायची का? का तिसरे, आणखी लांबचे गाव गाठायचे? मोजमापातली अनिश्चितता म्हणजे काय, हे ज्याने स्वतः असे भोगले, त्याला ते पुन्हा शिकवावे लागत नाही.

इथे शिकवणारा कोण होता? कोणीच एकटा नव्हता. एकाकडे सावली, दुसऱ्याकडे दुसरी सावली, तिसऱ्याकडे शंका. अर्धवट विचार बोलून दाखवण्याची मुभा आणि तो विचार उचलून पुढे नेणारा माणूस, या दोन गोष्टी होत्या म्हणून ज्ञान तयार झाले. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि पुढचा सारा इतिहास मला त्याची साक्ष देताना दिसतो.

पावणेदोनशे वर्षांची बैठक

या शहरात आधुनिक गणित मराठी माणसाने हाती घेतले ते एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये. बाळशास्त्री जांभेकर तिथे गणित आणि खगोलशास्त्र शिकवत. त्यांनी कलनशास्त्रावर मराठीत पुस्तक लिहिले आणि १८४०मध्ये ‘दिग्दर्शन’ मासिक काढून शास्त्रीय विषय वाचकांपुढे आणले. १८४६मध्ये, वयाची पस्तिशीही गाठण्याआधी, ते गेले. पुढचे पाऊल विद्यार्थ्यांनी टाकले. १८४८मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. सभासदाने निबंध वाचायचा, बाकीच्यांनी त्यावर बोलायचे, असा तिचा रिवाज. इंग्रजीतली चर्चा ठरावीक लोकांपुरतीच राहते हे लक्षात आल्यावर मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या. मराठी ज्ञानप्रसारक सभेचे नेतृत्व दादोबा पांडुरंगांकडे होते, आणि १८५०पासून ‘ज्ञानप्रसारक’ हे मराठी मासिक सुरू झाले.

या तरुणांनी नुसते निबंध वाचले नाहीत. १८४९मध्ये त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि सभासद तिथे बिनपगारी शिकवू लागले. जगन्नाथ शंकरशेट यांनी गिरगावात आपल्या आवारात शाळेला जागा दिली. शिकवणाऱ्यांत दादाभाई नौरोजी होते. पुढे ते एल्फिन्स्टनमध्ये गणित आणि भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले, त्या पदावरचे पहिले भारतीय. जे कळले ते शेजाऱ्याला सांगितल्याशिवाय पूर्ण कळत नाही, या समजुतीवर हा सगळा खटाटोप उभा होता.

गिरणगावात ही परंपरा वेगळ्या वाटेने आली. ना. म. जोशी यांनी १९११मध्ये सोशल सर्व्हिस लीग सुरू केली आणि परळच्या कामगारवस्तीत वाचनालये व रात्रीचे वर्ग पोहोचवले. पाळी संपवून आलेला माणूस रात्री पाटीवर अपूर्णांक सोडवायला बसत होता. त्याला गणित अमूर्त वाटण्याचे कारण नव्हते. सुताचा नंबर, मागाचा वेग, पगारातली कपात, सारे गुणोत्तरांचेच होते. त्या वर्गात बोलायची भीती कमी होती, कारण शेजारी बसलेला दिवसभर त्याच खात्यात काम केलेला असे.

स्वातंत्र्यानंतर या बैठकीला संस्थेचे रूप मिळाले ते म. ना. गोगटे यांच्या पुढाकाराने २४ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेमुळे. व्याख्याने, पत्रिका, विज्ञानकथा स्पर्धा, आणि ‘लोकसत्ता’तले ‘कुतूहल’ हे रोजचे सदर यांतून परिषदेने मराठीतून विज्ञान बोलण्याची सवय टिकवली. त्याच सवयीतून आलेल्या मंगला नारळीकर यांनी आपल्या पुस्तकाला ‘गणितगप्पा’ हे नाव दिले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या आणि अंकसिद्धान्तात पीएच.डी. मिळवलेल्या या गणितज्ञाला मुलांशी बोलायचे होते ते गप्पांच्याच सुरात.

नाना चौकातली शाळा

गिरगावच्या सीमेवर, नाना चौकातल्या महापालिका शाळेच्या इमारतीत, १९७४मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हे केंद्र पुढे मानखुर्दला स्वतःच्या आवारात गेले, पण त्याच्या घडणीची वर्षे नाना चौकात गेली. संस्थापक संचालक वि. गो. कुलकर्णी भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यांच्यामागे भा. मा. उदगावकर यांच्यासारखे शास्त्रज्ञ उभे होते. शाळेतले विज्ञान सुधारायचे तर शाळेच्या इमारतीतच बसले पाहिजे, हा त्यांचा विचार मला फार मोठा वाटतो.

ऐंशीच्या दशकाच्या आरंभी केंद्राने महापालिकेच्या शाळांमधून अनुसूचित जातींतील मुले निवडून त्यांच्याबरोबर सलग काम केले. ही मुले मागे का पडतात, हा प्रश्न होता. बुद्धी कमी, हे उत्तर तेव्हाही अनेकांच्या ओठांवर होते. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी हेमचंद्र प्रधान, सु. चि. आगरकर यांच्यासारखे अभ्यासक ज्या दिशेने काम करत होते, तिथून निघालेले उत्तर वेगळे होते. मुलांना विषयाआधी भाषा अडत होती. पाठ्यपुस्तकातली मराठी त्यांच्या घरात कोणी बोलत नव्हते. लांब संयुक्त वाक्ये, संस्कृतप्रचुर संज्ञा आणि वर्गात तोंड उघडायची संधीच नाही, अशा तिहेरी भिंतीमागे मूल गप्प बसत होते. केंद्राने धडे सोप्या भाषेत लिहून पाहिले, साधे प्रयोग हातात दिले, आणि मुलांना बोलायला लावले. जे पाहिले ते आपल्या शब्दांत सांगायचे, चुकले तरी सांगायचे. या मुलांची शालान्त परीक्षेतली कामगिरी लक्षणीय सुधारली.

या अनुभवातून निघणारी गोष्ट आज पुन्हा ठासून सांगायला हवी. जे मूल स्वतःच्या शब्दांत बोलू शकत नाही, ते स्वतःच्या डोक्याने विचार करतेय की नाही हे बाहेरून कळायला मार्ग नसतो, आणि हळूहळू ते मूलही विचार करायचे सोडते. वर्गात साठ मुले असताना प्रत्येकाला बोलू देणे शिक्षकाला शक्य नसते. दादरच्या क्लासमध्ये तर फीचा प्रत्येक तास ‘पोर्शन’ संपवण्यात जातो. तिथे शंकेला वेळ देणे म्हणजे बॅचला उशीर करणे. म्हणून बोलण्याची जागा वर्गाबाहेरच शोधावी लागते.

पोस्टकार्डापासून पडद्यापर्यंत

जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही असेल. दूरच्या माणसाशी विज्ञान बोलण्याची ही रीत फोन येण्याच्या कितीतरी आधीची. तिच्यातली अट महत्त्वाची होती. सही हवी असेल तर आधी स्वतःला प्रश्न पडला पाहिजे, आणि तो एका कार्डावर मावेल इतका नेमका झाला पाहिजे.

समोरासमोरच्या गप्पांचा ठळक प्रयोग टाटा मूलभूत संशोधन संस्थेने २००९मध्ये सुरू केला. ‘चाय अँड व्हाय?’ हे त्याचे नाव. रविवारी सकाळी शास्त्रज्ञ जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये आणि माटुंगा-माहीमच्या सीमेवरच्या रुपारेल महाविद्यालयात येतात, विषय मांडतात आणि चहाबरोबर प्रश्न घेतात. प्रवेश मोफत, वयाची अट नाही. दादर-परळच्या मुलाला रुपारेल चालत जाण्याइतके जवळ. करोनाच्या टाळेबंदीत हा कार्यक्रम पडद्यावर गेला आणि मुंबईबाहेरचा श्रोताही प्रश्न विचारू लागला.

‘चाय अँड व्हाय?’ सुरू झाले त्याच वर्षी जगात याहून धीट गोष्ट घडली. जानेवारी २००९मध्ये केंब्रिजचे गणितज्ञ टिमोथी गॉवर्स यांनी एक अवघड गणिती प्रश्न इंटरनेटवर उघडपणे मांडला आणि जगाला आवाहन केले, या, मिळून सोडवू. नियम असा की पूर्ण सिद्धता घेऊन येऊ नका, मनात आलेला छोटा, कच्चा विचार लगेच लिहा. काही आठवड्यांत प्रश्न सुटला आणि शोधनिबंध ‘डी. एच. जे. पॉलिमॅथ’ या सामूहिक नावाने निघाला. ज्यांना फील्ड्स पदक मिळाले आहे अशा माणसांनीही तिथे चुकीची पावले सर्वांसमोर टाकली. लालबागच्या मुलीला चुकायची लाज वाटते तेव्हा तिला ही हकीकत सांगायला हवी.

दुसरी हकीकत खान अ‍ॅकॅडमीची. २००४मध्ये सलमान खान या अमेरिकेतल्या तरुणाने दूरच्या गावी राहणाऱ्या नात्यातल्या एका बहिणीला फोनवरून आणि संगणकावर आकृत्या काढून गणित शिकवायला सुरुवात केली. ती अडे तिथे तो थांबे. पुढे इतर भावंडे आली, वेळ पुरेना, म्हणून त्याने व्हिडिओ केले आणि ते कोट्यवधींपर्यंत गेले. व्हिडिओचे उपकार मोठे आहेत. पण ज्या गोष्टीमुळे त्या पहिल्या मुलीला गणित कळले ती व्हिडिओत मावत नाही. व्हिडिओला तुमची चूक ऐकू येत नाही. आज आपण ‘ऑनलाइन शिक्षण’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा आपल्या मनात व्हिडिओ असतो, आणि संवाद गळून गेलेला असतो.

केळ्यावरची माशी

हा गळालेला संवाद परत आणण्याचे एक उदाहरण पुन्हा होमी भाभा केंद्रातूनच आले. तिथल्या ‘क्यूब’ या उपक्रमात शाळा-कॉलेजातली मुले साध्या जीवांवर घरी किंवा कॉलेजात खरे संशोधन करतात. एम. सी. अरुणन आणि जी. नागार्जुन ही या कामाशी जोडलेली नावे. अरुणन आधी दक्षिण मुंबईतल्या सोफिया महाविद्यालयात शिकवत. मुले आपली निरीक्षणे पडद्यावर मांडतात, आणि संध्याकाळच्या ऑनलाइन बैठकीत त्यांवर बोलतात. त्या बैठकीचे नाव ‘चॅटशाळा’.

तिथल्या कामाची जात समजायला फळमाशी पुरेशी आहे. पिकलेल्या केळ्याचा तुकडा बाटलीत ठेवला की एक-दोन दिवसांत बारीक, लाल डोळ्यांच्या माश्या येतात. प्रयोगशाळा लागत नाही, स्वयंपाकघराचा ओटा चालतो. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असतो, माशी आली कुठून? केळ्यातच होती की बाहेरून आली? एक म्हणतो सालीवर अंडी असणार. दुसरी म्हणते, मग साल काढून ठेव. तिसरा सांगतो, दोन बाटल्या कर, एकीच्या तोंडाला तलम कापड बांध. मुलांना ठाऊक नसते, पण १६६८मध्ये इटलीत फ्रान्चेस्को रेडीने मांसाच्या बरण्यांवर कापड बांधून हाच प्रश्न सोडवला होता. मुले पुस्तकातून रेडीकडे गेली नाहीत. प्रश्नाचा पाठलाग करत गेली आणि रेडी त्यांना वाटेत भेटला. मग अंडे, अळी, कोष, माशी हे चक्र मुंबईच्या उबेत दहा-बारा दिवसांत डोळ्यांसमोर पुरे होते, आणि आनुवंशिकतेचे दार उघडते.

अशा बैठकीत मार्गदर्शकाचे काम अवघड असते. उत्तर त्याच्या जिभेवर असते आणि ते त्याला गिळावे लागते. ‘तू काय पाहिलंस?’, ‘किती वेळा पाहिलंस?’, ‘दुसरं कारण असू शकेल का?’, एवढ्याच प्रश्नांवर त्याला तास काढावा लागतो. विहिरीच्या काठावर उभे राहून पोहायला शिकवणाऱ्यासारखे हे आहे. दोर हातात धरायचा, पण पोराने हातपाय मारेपर्यंत ओढायचा नाही.

अडते कुठे

आता अडचणी. पहिली अडचण जागेची आणि फोनची. दहा बाय बाराच्या खोलीत घरातला एकुलता चांगला फोन वडिलांबरोबर कामावर जातो. टाळेबंदीत शाळा फोनवर आली तेव्हा दोन भावंडांचे वर्ग एकाच वेळी असले, की एकाचा वर्ग बुडे, आणि बहुतेक घरांत तो मुलीचा बुडे. फोन मिळाला तरी शांतता मिळत नाही. गिरणगावात मंडळांच्या आणि संस्थांच्या अभ्यासिका म्हणूनच भरलेल्या असतात. पण अभ्यासिकेत बोलायला बंदी असते. पाठांतराला ते योग्य असेल, गणिताला नाही.

दुसरी अडचण भाषेची. नाना चौकात चाळीस वर्षांपूर्वी जे दिसले तेच पडद्यावर पुन्हा दिसते. इंटरनेटवर गणिताची उत्तम चर्चा इंग्रजीत चालते. सेमी-इंग्रजीतल्या मुलाला ‘हायपोटेन्यूज’ येते, ‘कर्ण’ही येतो, पण ‘मला ही पायरी का पटत नाही’ हे सांगणारे वाक्य दोन्ही भाषांत जुळत नाही. हे वाक्य जुळवायला सराव लागतो, आणि सरावाला ऐकून घेणारा लागतो. गणिताची चिन्हे फोनवर लिहिणे जिकिरीचे, म्हणून मुले वहीचा फोटो आणि आवाजी निरोप पाठवतात. ही वाट चांगलीच आहे. वहीच्या फोटोत खाडाखोड दिसते, आणि विचार कुठे वळला ते खाडाखोडीत कळते. गटातल्या मोठ्यांनी स्वच्छ प्रत मागू नये.

तिसरी अडचण आयत्या उत्तराची. गणिताचा फोटो काढला की पायऱ्यांसह उत्तर देणारी अ‍ॅप्स होतीच, आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे संवादक आले आहेत. ते न कंटाळता मराठीत बोलतात, ही संधी मी लहान मानत नाही. पण ते बरोबर आणि चूक दोन्ही सारख्याच ठामपणे सांगू शकतात, आणि विचाराल तसे वागतात. उत्तर मागितले तर उत्तर देतात. ‘उत्तर सांगू नकोस, मला प्रश्न विचार’ असे म्हणण्याची सवय मुलाला आधी माणसांच्या संगतीत लागलेली असावी लागते. आणि शेवटचा निवाडा काठीच्या सावलीने, बाटलीतल्या माशीने, कागदावरच्या सिद्धतेने करायचा असतो, हेही त्याला त्याच संगतीत कळते.

परळला काय कमी आहे?

परळच्या एका चौरस किलोमीटरमध्ये किती विज्ञान आहे ते पाहा. १८९७मध्ये वॉल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली, आणि त्यांच्या नावाची संस्था १८९९पासून परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये आहे. १९२६पासून केईएम रुग्णालय आणि गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय, १९४१पासून टाटा मेमोरियल. थोडे पुढे वरळीला १९७७पासून नेहरू तारांगण आणि १९८५पासून नेहरू विज्ञान केंद्र. या भिंतींच्या आत रोज शेकडो माणसे सूक्ष्मदर्शकात पाहतात, आकडेमोड करतात, अंदाज बांधतात आणि मोडतात. भिंतींच्या बाहेर, हाकेच्या अंतरावर, हजारो मुले विज्ञानाची प्रश्नोत्तरे पाठ करतात. या दोन गटांत बोलणे होत नाही. मला याचे मनापासून दुःख आहे, कारण हे अंतर भरायला पैसा फारसा लागत नाही.

माणसे आहेत. निवृत्त शिक्षिका आहेत, तांत्रिक शिक्षण घेतलेले अभियंते आहेत, प्रयोगशाळेत तीस वर्षे काढलेले सहायक आहेत, पीएच.डी. करणाऱ्या मुली आहेत. त्यांपैकी पाच जणांनी आठवड्यातून एक तास दिला आणि पंधरा-वीस मुलांचा गट धरला, तर सुरुवात होते. गट याहून मोठा नको, नाहीतर बोलणारे चार आणि ऐकणारे शंभर अशी त्याची सभा होते. एका आठवड्याला एकच प्रश्न घ्यावा, तोही घरी मोजता येईल असा. पहिले दोन दिवस मोठ्यांनी उत्तर द्यायचे नाही, हा नियम लिहून ठेवावा. बोली कोणतीही चालेल, मालवणी, घाटी, हिंदीमिश्रित, रोमन अक्षरांतली. संज्ञा नंतर येतील. महिन्यातून एकदा प्रत्यक्ष भेटावे, कारण पडद्यावर ओळख वाढते पण धीर समोरासमोर बसल्यावर येतो.

मंडळांकडे जागा आहे. गणेशोत्सवात ज्या ताकदीने दहा दिवस उभे राहतात, त्या ताकदीचा अगदी लहान हिस्सा त्यांनी याला द्यावा. अभ्यासिकेच्या शेजारी एक बोलकी खोली द्यावी, एक फळा, चांगले इंटरनेट आणि दोन फोन, जे मुलांनी तिथेच वापरायचे. त्या खोलीत पहिली जागा मुलींना, कारण घरातला फोन आणि घरातली शांतता या दोन्हींत त्यांचा नंबर शेवटचा लागतो.

१८४८मध्ये वीस-बावीस वर्षांच्या मुलांनी ही बैठक मांडली तेव्हा त्यांच्याजवळ छापखान्यापलीकडे साधन नव्हते, आणि त्यांनी तिला मराठी शाखा काढण्यासाठी कोणाच्या आदेशाची वाट पाहिली नाही. आज प्रत्येक खिशात त्याहून मोठे साधन आहे. प्रश्न पडणारी मुले तेव्हाही होती, आजही आहेत. त्यांच्या चुकलेल्या पायरीपाशी थांबून ‘इथपर्यंत कशी आलीस, सांग’ असे विचारणारी मोठी माणसे त्यांना मिळाली पाहिजेत. हे काम सरकारवर, शाळेवर किंवा यंत्रावर ढकलता येणार नाही. ज्याला एखादी गोष्ट नीट कळली आहे, त्या प्रत्येकावर त्याचे देणे आहे.